डाव्या हाताचं मुसकं

जुने शहर, अकोला
१२ एप्रिल २००७

सूर्यभान,

दंडवत तुझ्या रीतीचा, सलाम माझ्या रीतीचा. दोन्ही पोचले असं समजतो.

परवा फोनवर तू बराच वेळ बोललास आणि मी बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिलो. मला त्यातलं काही कळलं नाही. लकव्यानं तुझी जीभ जड झाली आहे, आणि आमच्या घराखाली लोहाराचं दुकान. मला कळत नाही हे तुला कळलं, म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हा यापुढे पत्र. पत्रात जीभ अडखळत नाही. तू सांग, सूनबाई लिहून घेईल.

अमरावतीच्या दवाखान्यात तुला पाहिलं तेव्हा तुझा उजवा हात चादरीवर असा पडला होता की कुणी पाहुणा विसरून गेला असावा. निखत तुझ्याकडे येऊन गेली. माझी पोरगी म्हणून सांगत नाही, पण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कळतं. ती म्हणाली, काकांची बोटं थोडी हलतात. अल्लाचे उपकार.

आता माझं काम. पोळ्याच्या मालाची तयारी सुरू करायची आहे. बैलांचे गोंडे, म्होरक्या, कासरे, सगळंच. आणि माझा कारागीर ऐन वेळी सुरतेला निघून गेला. तुला आठवत असेल, आम्ही सावरखेडला तुमच्या शेजारी राहत होतो तेव्हा अब्बा निंबाखाली सूत वळायचे आणि शाळा सुटली की आपण दोघं मांड्या उघड्या टाकून त्यांच्याजवळ बसायचो. तुझी दोरी माझ्यापेक्षा सरस यायची. त्यावरून मी किती बोलणी खाल्ली आहेत. आता ते फेड. मोर्शीच्या बसनं सुताचं गाठोडं पाठवतो आहे. मांडीवर वळून गोंड्यांच्या दोऱ्या करून दे. जमेल तशा, जमेल तेवढ्या. नाही म्हणू नकोस, माझा धंदा अडला आहे.

तुझा
नबी

•

सावरखेड
४ मे २००७

प्रिय नबी,

दंडवत प्रणाम. अक्षर सुनेचं, शब्द माझे.

तुझा धंदा अडला म्हटल्यावर मी बसून कसा राहीन? सोबत दोऱ्या पाठवतो आहे. बघ, हात गेला तरी कसब गेलेलं नाही. तुझ्या सुरतेच्या कारागिराला सांग, तिकडेच राहा.

बाकी घरी माझा थाट आहे. डाव्या हातानं जेवणं आपल्यात चालत नाही, म्हणून वच्छला भरवते. लग्नात एक घास भरवला होता, त्यानंतर आता. सदऱ्याची बटणं ती लावते, चहाची बशी ती तोंडाशी धरते. मला मात्र एवढंच समजत नाही, की इतकी सेवा होऊन हात का सुधारत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. गोपाल बैल विकायचं म्हणतो. पाखऱ्या आणि बोदल्या माझ्याशिवाय कुणाला खांदा देत नाहीत. परवा गोपालनं जू उचललं तर बोदल्यानं त्याला कुंपणाच्या काट्यांत बसवलं. गोपालचंही चूक नाही. गावात घरोघरचे बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर येतो आणि निघून जातो, त्याला वैरण लागत नाही. अकोटचा एक व्यापारी पोळ्यानंतर जोडी न्यायला तयार आहे. मी म्हणालो, मीच जुंपीन. गोपाल हसला नाही, म्हणून मला जास्त लागलं. म्हणाला, "बाबा, पोळ्याच्या आधी दोन्ही हातांनी जुपण्या बांधून दाखवा. बैल राहतील. नाई तं मी विकतो, मंग मले बोलू नका."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. एकदा खांद शेकले की पोळा होईपर्यंत त्यावर जू ठेवत नाहीत. म्हणजे मुदत तिथपर्यंत. जू ठेवायचं, खिळे घालायचे आणि गळ्याखालून जुपणी घेऊन गाठ मारायची. पूर्वी हे मी बोलता बोलता करायचो. आता दोन बैलांच्या दोन गाठी मला रात्रंदिवस दिसतात.

तुझा
सूर्यभान

काका, मामाजींनी सांगितलं तसं लिहिलं. पण दोऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा. आकांक्षा.

•

जुने शहर, अकोला
१५ मे २००७

सूर्यभान,

दोऱ्या पाहिल्या. चोरा, तू डाव्या हातानं वळल्यास.

सूनबाईनं चुगली केलेली नाही, दोरीनंच केली. उजवा तळवा उजव्या मांडीवर पुढे गेला की सुताला एका बाजूचा पीळ बसतो, डावा तळवा डाव्या मांडीवर गेला की उलटा. तुझ्या गाठोड्यातली एकूण एक दोरी उलट्या पिळाची आहे. माझ्या सुलट दोरीत ती गुंतवली तर बैलानं एकदा मान हलवली की दोन्ही उकलतील. अब्बांसमोर असा माल ठेवला असता तर त्यांनी तुझे कान कोणत्या बाजूला पिळले असते, ते तूच सांग.

निखतला दाखवल्या. ती हसली नाही, खाली बसली आणि मला समजावून सांगितलं. मी तुला आपल्या भाषेत सांगतो. मेंदूत प्रत्येक अवयवाचं आपापलं वावर असतं. बोटांचं वेगळं, खांद्याचं वेगळं, तोंडाचं वेगळं. लकव्यानं तुझ्या उजव्या हाताच्या वावराचा एक तुकडा खरडून नेला, नदीकाठची जमीन पुरात जाते तसा. तो परत येत नाही. पण बाजूची जमीन शाबूत आहे, आणि ती हाताचं पीक घ्यायला शिकते. अट एकच. हातानं रोज काम मागितलं पाहिजे. हात गप्प राहिला तर उरल्यासुरल्या तुकड्यावरही शेजारी नांगर घालतात, दरवर्षी नांगराची एक रेघ आत, एक तास आत. तुझ्या बांधाला लागून असलेल्या देवरावसारखे.

आणि तुझ्या घरी काय चाललं आहे? वहिनी भरवतात, सूनबाई लिहिते, वळायचं काम डावा हात करतो. उजव्यानं मागायचं तरी कुणाकडे?

निखतनं तुझ्या डॉक्टरांना विचारून उपाय सांगितला आहे. डावा हात रोज काही वेळ बांधून ठेवायचा. मी विचार केला, उभ्या पिकात बैलानं तोंड घालू नये म्हणून आपण त्याला मुसकं बांधतो. तुझा डावा हात उजव्याच्या पिकात तोंड घालतो आहे. म्हणून सोबत सुताचं एक मुसकं पाठवतो, वासराच्या मापाचं. मनगटापाशी नाडी आहे, सूनबाई बांधेल. चालताना आणि झोपताना काढायचं, काठी डाव्या हातात असते ना. बसलास की घालायचं. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड करा आणि वहिनींना सांग, घास भरवणं बंद.

नवं सूत पाठवतो. या वेळी पीळ बघून घेईन.

नबी

•

सावरखेड
६ जून २००७

नबी,

तू मित्र आहेस म्हणून सांगतो, असा अपमान माझा देवरावनंही केला नव्हता.

मी ओसरीवर हाताला मुसकं घालून बसतो आणि गाव येतं बघायला. देवराव स्वतः आला. दोन पिढ्यांचं आमचं धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं भांडण, पण बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "सूर्यभान, चावते का तो हात?" मी काही बोललो नाही, कारण घास तोंडात होता. म्हणजे तोंडाकडे निघाला होता. अर्धा कानाजवळ गेला.

जेवणाचं सांगतो. चमचा उचलायला गेलो की हात जागेवर आणि खांदा वर. बोटं हलवायला गेलो की तोंड वाकडं होतं. निखत आली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, बरोबर आहे काका, सगळे शेजारी धावून येतात, हळूहळू कळेल त्यांना कुणाचं काम आहे ते. तू माझ्या डोक्यात देवराव बसवलास तो बसवलास. आता खांदाही देवराव आणि तोंडही देवराव.

वच्छला समोर बसते आणि पदर तोंडाशी धरते. रडते की हसते ते मी पाहत नाही. वरणाचा थेंब तुझ्या लाल सुतावर पडला, तोही तसाच वळला.

एक गोष्ट तुझ्याशीच बोलतो. रोज पहाटे स्मरणाला बसतो. तेव्हा वाटतं, देवानं दिलं ते घ्यावं, हात मागू नये. मन शांत होतं. हे मी वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, "घेतलं म्हन्ता, मंग रोज गोठ्यात जाऊन बैलाईले काहून सांगता का मी येतो म्हणून?" देवाला हो म्हणणं आणि हाताला सोडून देणं या दोन गोष्टी मी एकाच दाव्याला बांधल्या होत्या की काय, असं वाटत राहिलं.

तरी तुला सांगून ठेवतो, मुसकं मी उद्यापासून घालणार नाही. माणूस आहे, बैल नाही.

सूर्यभान

काका, घालतात. ओसरीवर नाही, गोठ्यात. तिथं कुणी बघत नाही म्हणे, फक्त पाखऱ्या आणि बोदल्या. काल बोदल्यानं उजवा हात चाटला तर मामाजी म्हणाले, खरखरीत लागलं. मग हात पुन्हा पुढे केला. आकांक्षा.

•

जुने शहर, अकोला
२८ जून २००७

सूर्यभान,

गाठोडं मिळालं. तू मुसकं घालत नाहीस हे वाचून वाईट वाटलं. तरीही निम्म्या दोऱ्या सुलट पिळाच्या निघाल्या, हा चमत्कार कसा झाला ते देव जाणे. ढिल्या आहेत, कुठं जाड कुठं बारीक, सापानं बेडूक गिळल्यासारख्या. पण बाजू बरोबर आहे.

माल खपतो आहे. गिऱ्हाईक विचारतात, हा नवा कारागीर कुठला? मी सांगतो, सावरखेडचा, फार मोठा माणूस, कुणाला भेटत नाही.

आणखी सूत पाठवतो. दोरी वळून झाली की या वेळी गाठही मार. आधी साधी, मग जुपणीची. गोंड्याला जुपणीची गाठ लागत नाही हे मला माहीत आहे, तू शहाणपणा शिकवू नकोस. नवी फॅशन आहे.

निखत सांगते, डोकं घोकून काही शिकत नाही, कामाचं काम असेल तरच शिकतं. बोटं नुसती उघडमीट केली तर मेंदू कंटाळतो. म्हणून बैलांसमोर बसूनच वळ.

नबी

•

सावरखेड
२३ जुलै २००७

नबी,

तू लबाड आहेस आणि आता पकडला गेला आहेस.

परवा तुझं नवं गाठोडं उघडलं. लाल सुताची लड काढली आणि त्यावर मला माझं वरण दिसलं. पिवळा डाग, वाळलेला, मी जिथं सांडला होता तिथंच. मग बाकीच्या लडी उजेडात धरल्या. सुताला सगळीकडे वळण पडलेलं, आधी उलटं, मग सुलट. हे सूत माझ्या मांडीवर आधी येऊन गेलेलं आहे. तू माझ्या दोऱ्या विकत नाहीस, उकलतोस. उकलून तेच सूत पुन्हा पाठवतोस. तुझा धंदाही अडला नव्हता, आणि तुझा कारागीर सुरतेला गेला की दुकानात बसून चहा पितो आहे, देव जाणे.

मला फार लागलं. लकवा झाल्यापासून प्रत्येक जण माझं काही ना काही करत होता, आणि फक्त तुझं मी करत होतो. सगळ्यांचं घेतो आहे, एकाला तरी देतो आहे, या एका गोष्टीवर मी ताठ बसत होतो. ती तू काढून घेतलीस. दोन दिवस सुताला हात लावला नाही. वच्छलेनं विचारलं तर म्हणालो, नबी मेला. ती घाबरली, मग सगळं सांगावं लागलं. ती इतकी हसली की मी उठून गोठ्यात गेलो.

गोठ्यात असताना चौकशीवाले आले. हल्ली शेतकरी जीव देतात म्हणून असे लोक गावोगाव फिरतात, घरात कुणी निराश आहे का विचारतात. चांगली माणसं असतात, उन्हातान्हात येतात. त्यातला एक गोठ्यात डोकावला. त्याला दिसलं ते असं : एक माणूस, डाव्या हाताला बैलाचं मुसकं, उजव्या हातात दोरी, आणि बैलाला सांगतो आहे की तुझ्या आईला काय तोंड दाखवू. त्यानं फार हळू आवाजात विचारलं, "काका, काही बोलावंसं वाटते का?" मी म्हणालो, "वाटते. अकोल्यात एक नबी हाये, त्याले जाऊन सांगा." तो बराच वेळ लिहीत होता.

तो गेल्यावर मलाच हसू आलं. मग त्याच डागाची लड घेतली आणि वळायला लागलो. या वेळी खांदा वर गेला नाही. वळता वळता मनात आलं, हे सूत किती वेळा वळलं आणि किती वेळा उकललं, तरी दर वेळी आधीपेक्षा लवकर वळतं, आपला पीळ त्याच्या लक्षात राहिला असावा. माझ्या डोक्यातही कुणीतरी बसून असंच करत असेल. त्याला कोण सूत पाठवतं, ते मी पहाटे स्मरणात विचारीन.

आकांक्षाला आता थांबायला सांगतो. खालची ओळ माझी.

नबी लबाड आहे.

काका, ही ओळ मामाजींनी उजव्या हातानं लिहिली. दुपार गेली. 'लबाड' मधला 'ड' तीनदा खोडला. आकांक्षा.

•

जुने शहर, अकोला
४ ऑगस्ट २००७

सूर्यभान,

तुझी ओळ दुकानात लावली आहे, गल्ल्याच्या वर. लोक वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

आरोप सगळे कबूल. कारागीर सुरतेला गेला नाही. इथंच आहे, त्यानंच तुझ्या दोऱ्या उकलल्या, आणि उकलताना मला म्हणाला, चाचा, दर वेळी जास्त वेळ लागतो, गाठ घट्ट होत चालली आहे. मला कळलं ते त्याच्या तोंडून. नाहीतर तू पत्रात काय सांगतोस आणि काय नाही याचा कुणाला पत्ता.

पण एक चूक सुधार. सगळंच उकललं नाही. तुझी पहिली दोरी, उलट्या पिळाची, मी ठेवून घेतली आहे. आणि तुला वाटतं तसं तू मला काही देत नव्हतास असंही नाही. माझ्या दुकानात आता बैलाचा माल किती खपतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. बैलच राहिले नाहीत तर गोंडे कुणाला बांधायचे? मुलगा म्हणतो, मोबाईलची कव्हरं ठेवा. बस येण्याच्या दिवशी मात्र मी आणि कारागीर सकाळपासून तुझ्या गाठोड्याची वाट बघतो. वर्षभरातलं तेवढंच काम असं, ज्याचं पुढे काय होणार याची मला काळजी होती.

आता सूत पाठवत नाही. जुपणीची खरी दोरी पाठवतो, जाड, अंबाडीची. पोळ्याला महिनाच उरला.

नबी

•

सावरखेड
१२ सप्टेंबर २००७

प्रिय नबी,

दंडवत प्रणाम. हे पत्र मी लिहितो आहे, सगळं. थोडं आज, थोडं काल. ओळी उतारानं जातात, तूही वाचताना मान वाकडी कर.

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी गोठ्यात बसून बैलांना उजव्या हातानं कुटार घालत होतो. गोपाल आला आणि म्हणाला, "बाबा, थोड्या वेळानं आई खांद शेकाले बसन. व्हते का?" वच्छला दारात, आकांक्षा तिच्या मागे. देवरावही आला, तो अशा वेळी चुकत नाही. गोपालनं जू आणून पुढ्यात ठेवलं. ते उचलायला त्यानं मदत केली, तेवढं ठरलं होतं.

पाखऱ्यानं मान खाली घातली. बोदल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यानंही घातली. मी पाखऱ्याच्या अंगाला टेकून उभा राहिलो, गळ्याखालून जुपणी घेतली, टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं फेरा दिला. एकदा सुटला. खांदा वर निघाला होता, त्याला मनात म्हणालो, देवराव, खाली बस. दुसऱ्यांदा गाठ बसली. मग बोदल्याकडे गेलो. तिथं बोटं थांबली, अगदी थांबली. सगळे बघत होते. मी डोळे मिटले आणि गोठ्यात एकटा असतो तसं बोदल्याशी बोलायला लागलो. काय बोललो ते सांगत नाही. डोळे उघडले तेव्हा गाठ झालेली होती.

गोपाल पुढे आला, गाठ ओढून पाहिली, दुसरी पाहिली. मग माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, दोन्ही हातांनी म्हटलं व्हतं."

मी खाली पाहिलं. डाव्या हाताला मुसकं तसंच होतं. बसलो की घालायची सवय, उठताना काढायचं राहून गेलं. जे काम दोन हातांनी करायची मुभा होती, ते मी एका हातानं आणि दातानं केलं, तेही लकव्याच्या हातानं. मला वाटलं, अट मोडली. मी नाडी सोडायला लागलो, म्हणालो, थांब, पुन्हा बांधतो. गोपालनं माझा हात धरला. उजवा. "राहू द्या," म्हणाला, "व्यापाऱ्याले मी सांगतो." मग त्यानं बोदल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी बोदल्यानं ठेवू दिला.

संध्याकाळी खांद मीच शेकले. गेले सहा महिने लोक माझ्या खांद्याला तेल चोळत होते. त्या दिवशी लोणी-हळद घेऊन माझा हात पाखऱ्याच्या खांद्यावर फिरला आणि जुवानं घट्टे पडलेली ती जागा मला बोटांना लागली. आमच्याकडे म्हणतात तसं दोघांना म्हणालो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुलाही म्हणतो. रमजान सुरू होतो आहे, तेव्हा ईद झाली की ये, पण ये.

हात पूर्ण बरा झाला असं समजू नकोस. कप अजून पडतो, बटण अजून वच्छलाच लावते. आता बटण मला येतं, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

आज पहिल्यांदा काठी टेकत वावरात गेलो. कपाशी बरी आहे. धुऱ्यापाशी मात्र थांबलो. मी खाटेवर होतो तेव्हा देवरावनं पेरताना एक तास माझ्याकडे सरकवला आहे. त्याची तूर माझ्या हद्दीत उभी आहे, डोलते आहे. गोपालच्या लक्षात आलं नव्हतं. देवराव पलीकडूनच आला, तूर पाहिली, मला पाहिलं आणि माझ्या हाताची चौकशी केली. मी म्हणालो, सुधारून राहिला, हळूहळू आपली जागा परत घेऊन राहिला. त्याला काय कळायचं ते कळलं.

तेव्हा मुसकं परत पाठवत नाही. उलट अजून एक पाठव. मोठ्या मापाचं, दोन हात एकत्र मावतील असं. देवरावसाठी.

तुझा, उजव्या हातानं,
सूर्यभान